प्लॅस्टरचा पाव

मी बोलतेय, एटनाच्या उतारावरची पिवळी जीप. ज्वालामुखीच्या कडेकडेने माणसं फिरवून आणते आणि संध्याकाळी उभी राहते, एवढंच माझं काम. माझ्यासमोर एक काटा आहे. इंजिन किती तापलं ते तो दाखवतो. बाकी कुणाला काय होतं ते दाखवणारा काटा कारखान्यात बसवलाच नाही. म्हणून माझं बोलणं कोरडं वाटेल. मला तसंच बोलता येतं.

जन्म उत्तर इटलीतल्या तोरिनोच्या कारखान्यात. तेव्हा रंग हिरवा होता. बोटीच्या पोटात बसून सिसिलीला आले आणि जंगल खात्यात लागले. वणवा विझवणारी माणसं मला घेऊन धुरात शिरायची आणि बाहेर आल्यावर माझ्याच सीटवर सिगारेटी विझवायची. ती भोकं अजून आहेत. पुढे खात्याने मला लिलावात काढलं आणि पाहुण्यांना डोंगर दाखवणाऱ्या चिरीनोने घेतलं. काळ्या राखेत लांबून दिसावी म्हणून त्याने मला पिवळा रंग दिला. टप काढून वर लोखंडी नळ्या बसवल्या. पाहुण्यांना आभाळ दिसायला हवं, म्हणाला.

एटनाला इथे कुणी नावाने हाक मारत नाही. 'ती' म्हणतात. आज ती घोरतेय. काल तिने राख झाडली. सकाळी बायका गच्च्या झाडताना तिला शिव्या देतात, पण सासूला द्याव्यात तशा, आवाज खाली ठेवून.

चिरीनोचे वडील डॉन फिलाडेल्फो; 'डॉन' इथे म्हाताऱ्यांना मानाने म्हणतात. त्यांचं घर गावाच्या वर, द्राक्षमळ्यात. काळ्या दगडाचं, त्यांच्या वडिलांनी बांधलेलं. एका वसंतात डोंगराची कूस फाटली आणि लाव्हा त्या घराच्या रोखाने निघाला. तो धावत येत नाही. म्हातारा माणूस बाजारातून परतेल त्याहूनही सावकाश येतो. त्यामुळे इथल्या लोकांना घर सोलायला वेळ मिळतो. सोलायला म्हणजे काय, तर कौलं उतरवायची, दारं-खिडक्या काढायच्या, नळसुद्धा काढायचे. जे वाचेल ते दुसऱ्या घराला लागेल. मी खेपा घातल्या. सगळं चिरीनोच्या बहिणीच्या, वेनेराच्या गॅरेजमध्ये नेऊन ठेवलं.

शेवटची खेप राहिली तेव्हा डॉन फिलाडेल्फोंनी रिकाम्या घरात झाडू मारला. एक खुर्ची आणि टेबल तेवढं ठेवलं होतं. त्यावर स्वच्छ कापड घातलं. गोल पाव, ऑलिव्हची वाटी, वाइनची बाटली आणि एक पेला मांडला.

"बाबा, चला आता," चिरीनो म्हणाला. "धग लागतेय."

"थांब रे. इतक्या लांबून चालत येतेय ती, दमली असेल. घर घेणार आहेच. निदान जेवून तरी घेऊ दे."

मग त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि माझ्यात येऊन बसले. खाली उतरताना माझ्या आरशात घर दिसत होतं. दोघांपैकी कुणीही आरशात पाहिलं नाही.

आणि लाव्हा थांबला. स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकला आणि तिथेच थंड झाला. गावात घंटा वाजल्या. लोकांनी चिरीनोच्या पाठीवर थापा मारल्या. तो "हो, हो" म्हणत राहिला. जाण्यासाठी तयार केलेलं घर गेलंच नव्हतं. दार नाही, छप्पर नाही, खिडक्यांच्या जागी भोकं, असं ते उभं होतं.

डॉन फिलाडेल्फो वेनेराकडे राहायला गेले, खालच्या शहरात, तिसऱ्या मजल्यावर. खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसायची. मी तिथे उभी असले की मला ते दिसायचे. कोट घालून बसलेले. घरातल्या घरात कोट.

कौलं परत चढवायची होती. चिरीनो म्हणाला, पुढच्या महिन्यात. तोवर पाहुणेच विचारू लागले की लाव्हा थांबला ते घर कुठलं? एकदा चिरीनोने मला तिथे थांबवलं, मग रोजच थांबवू लागला. लोकांना टेबल फार आवडायचं. पण पावाला बुरशी आली, उरलेला उंदरांनी नेला.

"अरे, प्लॅस्टरचा कर की!" दुसऱ्या जीपवाल्या आगातिनोने सुचवलं. "माझा मेव्हणा नाताळच्या देखाव्यातली मेंढरं बनवतो. त्याला एक पाव जड आहे का? हे घर म्हणजे तुझी दुभती गाय आहे, गाढवा. छप्पर घातलंस तर बघायला कोण कुत्रं येणार?"

मेव्हण्याने पाव झकास बनवला. वर तीळसुद्धा रंगवले.

त्यानंतर चिरीनो रोज तेच बोलायचा. "हे आमचं घर. ती इथे येऊन थांबली. आत टेबल आहे. फोटो काढा, हात लावू नका." आवाज वर नाही, खाली नाही. माझं इंजिन सपाट रस्त्यावर चालतं तसा. पाहुणे डोळे पुसायचे. तो चाकं तपासायचा.

दर रविवारी चिरीनो जेवायला आला की वडील खिडकीतूनच विचारायचे, "कौलं कधी?"

"सीझन संपू दे, बाबा."

निघताना वेनेरा त्याला जिन्याच्या पायथ्याशी गाठायची. "त्यांचा खोकला ऐकलास? त्यांना त्या घरात मरायचंय, आणि तू ते तिकीट लावून दाखवतोस. त्यांना कळलं तर?"

"कळू दे," चिरीनो म्हणायचा. मग माझी किल्ली फिरवायचा.

एका रविवारी डॉन फिलाडेल्फो खाली आले आणि माझ्या पुढच्या सीटवर बसले. "आज मीही येतो. पाहुणा म्हणून."

मागे दुपारच्या फेरीसाठी शहरातून घेतलेलं एक जोडपं होतं आणि हॉलंडची एक उंच बाई. चिरीनोने एकदा वडिलांकडे पाहिलं आणि किल्ली फिरवली.

घरासमोर थांबलो. पाहुणे दाराच्या भोकातून सरळ आत गेले. डॉन फिलाडेल्फो उंबऱ्याशी थांबले. त्यांनी बुटांची राख झटकली. मग दगडी चौकटीवर बोटाच्या पेराने टकटक केलं आणि आत पाऊल टाकलं. मी समोरच उभी होते, मला सगळं दिसत होतं.

ते टेबलाशी बसले. पाव उचलला. मोडायला गेले. मोडेना. त्यांनी तो टेबलाच्या कडेवर आपटला. टक!

"चिरीनो, हे काय आहे?"

"प्लॅस्टर, बाबा. खरा टिकत नाही."

"आणि ऑलिव्ह?"

"गोट्या आहेत. काचेच्या."

"वाइन?"

"रंगाचं पाणी."

म्हाताऱ्याने पाव हातात तोलला. "बरं झालं ती भिंतीशीच थांबली. आत आली असती तर बिचारीचे दात पडले असते."

हॉलंडच्या बाईला शब्द कळले नाहीत, पण विनोद झाला हे कळलं. ती हसली. मग चिरीनोचा चेहरा पाहून थांबली.

"मी तिच्यासाठी मांडलं होतं," डॉन फिलाडेल्फो म्हणाले. "ती जेवली नाही. मग आपण जेवून उठायचं होतं रे. या टेबलावरून अजून कुणी उठलंच नाही. ना तू, ना मी."

चिरीनोने त्यांच्या हातातला पाव घेतला आणि बाहेर आला. त्याचं काय करावं हे त्याला सुचत नव्हतं. तेवढ्यात पाहुणे माझ्यात चढू लागले आणि मी मागे घसरले. माझा हँडब्रेक जुना आहे. एरवी चिरीनो चाकाखाली दगड लावतो. आज जे हातात होतं तेच त्याने मागच्या चाकाखाली कोंबलं. निघताना मी त्यावरून गेले. काळ्या राखेवर पांढरा भुगा पडला. मला विशेष काही जाणवलं नाही. खडीसारखंच होतं.

उतारावर चिरीनो म्हणाला, "उद्यापासून कौलं आणतो."

"आधी दार."

"बाबा, आधी छप्पर. पाऊस..."

"छप्पर नसलं तर पाऊस आत येतो. दार नसलं तर कुणीही येतं. आधी दार."

दुसऱ्या दिवशी मी दार वर नेलं. चिरीनोने ते बसवलं, कडी लावली. आगातिनो आपली जीप थांबवून पोट धरून हसला. "छप्पर नाही आणि दाराला कडी! चोर वरून उडी मारणार नाही होय?"

"कडी तुझ्यासाठी आहे," चिरीनो म्हणाला. कितीतरी महिन्यांत त्याने कुणाला उलट उत्तर दिलं नव्हतं.

मग मी कौलांच्या खेपा घालू लागले. डॉन फिलाडेल्फो रोज माझ्याबरोबर येत. आत टेबलाशी कोट घालून, राखेसाठी छत्री उघडून बसत. दुपारी दोघं पाव खात. खरा. काय उरेल ते उंदरांचं.

एकदा आगातिनोचे पाहुणे आले. बंद दार बघून गोंधळले. शेवटी कुणीतरी टकटक केलं.

आतून आवाज आला, "कोण आहे?"

चिरीनो भिंतीवर बसला होता, हातात कौल. त्याच्या चेहऱ्यावर काही बदललं असं मी म्हणणार नाही. मला चेहरे वाचता येत नाहीत. त्याने कौल बाजूला ठेवलं, खिशातून फडकं काढून नाक शिंकरलं आणि बराच वेळ शिंकरत राहिला.

आज अर्धं छप्पर झालंय. मला घेऊन चिरीनो सकाळी पाहुण्यांना वर विवराकडे नेतो, पण आता घराशी थांबत नाही. त्यामुळे पुष्कळजण आगातिनोकडे जातात. दुपारनंतर मी कौलं वाहते. माझे स्प्रिंग बसलेत, पुढच्या वर्षी मी इथे असेन असं वाटत नाही. वर ती धूर सोडते आहे. पुन्हा उतरली तर या घराशी थांबेलच असं नाही. आली तर तिला पाव मात्र खरा मिळेल.

तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. कधी इकडे आलात तर अर्ध्या छपरातून डोकावू नका. दाराशी या, बूट झटका आणि टकटक करा. आतून म्हातारा विचारेल, "कोण आहे?"

त्याला तुमचं नाव सांगा.