डावखुऱ्या मास्तरांची कात्री

मित्रांनो, मी कापड बेतायची जुनी कात्री आहे. तुम्ही मला हातात घेतलेत, तर बहुधा लगेच खाली ठेवाल. कारण मी डावखुरी आहे. माझी पाती उलट्या बाजूने बसवलेली आहेत. मला घडवणारा लोहार वैतागून म्हणाला होता, "मास्तर, पुन्हा असलं काम आणलंत तर तुम्हालाच भट्टीत घालीन!"

माझे मालक, शिंपी मास्तर, हसले. "कात्री सरळच आहे हो. जगच उजवं आहे."

त्या दिवसापासून मी त्यांच्या डाव्या हातात राहिले. कोट, झगे, शाळेचे गणवेश, सगळे माझ्या पात्यांतून गेले. माझी धार पाहून गिऱ्हाइके वाहवा करीत.

मास्तरांची एक पद्धत होती. खडूने रेघा मारून झाल्या की ते मला टेबलाच्या कडेला ठेवत. मग रिकामा तळहात कापडावर टेकवून डोळे मिटत आणि पुटपुटत, "प्रभू, तू पुढे चाल. मी मागून येतो." त्यानंतरच मला उचलत. मला याचा राग येई. कापणार मी, आणि नेमकी या वेळी मीच बाजूला!

त्यांची मुलगी शेजारच्या मशीनवर शिवत बसे. एकदा तिने विचारले, "बाबा, पहिला काप घालताना भीती नाही वाटत?"

"वाटते की. पण मला अख्खा गाऊन एका दमात थोडाच कापायचा असतो? पात्यांपुढे बोटभर रेघ दिसते. तेवढी कापायची. मग पुढची दिसते."

"आणि नाही दिसली तर?"

"तर थांबायचं. घाई गिऱ्हाइकाला असते, देवाला नसते."

मग एका शिक्षिकेच्या लग्नाचा गाऊन आला. पांढरे रेशीम तिच्या आईने घेऊन ठेवलेले होते, आणि आई आता नव्हती. तसे कापड पुन्हा मिळणार नव्हते. मास्तरांनी संध्याकाळी निळ्या खडूने रेघा मारल्या, कापड हलकेच घडी केले आणि म्हणाले, "उद्या सकाळी, ताज्या डोळ्यांनी."

सकाळी मास्तर उठले नाहीत.

दुकान बंद झाले. माझ्यावर धूळ बसली, पाती जोडणाऱ्या खिळ्यापाशी गंजाचा ठिपका उमटला. काही आठवड्यांनी दार उघडले. मुलगी आत आली आणि तिच्यामागून तिची आत्या, मास्तरांची थोरली बहीण.

"ते कापड बाईंना परत दे आणि दुकानाला कुलूप लाव," आत्या म्हणाली. "माझ्याकडे चल. शिवणं वेगळं, बेतणं वेगळं. आजवर तू कापडाला कात्री तरी लावलीस का?"

"नाही लावली. आता लावीन."

"देवा रे! बापाचा हट्ट जसाच्या तसा उचललाय."

शिक्षिका आली तेव्हा मुलीने काही लपवले नाही. "बाई, मी एकही गाऊन बेतलेला नाही. तुम्ही कापड नेलंत तरी मला वाईट वाटणार नाही."

शिक्षिकेने रेशमावरून हात फिरवला. "तुम्हाला भीती वाटतेय?"

"खूप."

"मग तुम्हीच कापा. न घाबरणाऱ्या मुलांच्या चुकांनी भरलेल्या वह्या मी रोज तपासते."

दुसऱ्या दिवसापासून मुलगी मला घेऊन जुन्या चादरीवर सराव करू लागली. ती उजव्या हाताची. तिच्या हातात माझी पाती एकमेकांपासून फाकत आणि कापड मध्येच दुमडे. वरच्या पात्याखाली खडूची रेघ झाकून जाई. अंगठ्याला फोड आला. तिने मला डाव्या हातात घेऊन पाहिले, तर काप रेघ सोडून भलतीकडेच गेला. मी माझ्या परीने जोर लावला, पण मित्रांनो, मी वळणार कशी?

आत्या दारातून बघत होती. "ती तुझ्या हातची नाही गं. सोड."

"ही बाबांची आहे. याच कात्रीनं देवानं त्यांना वाट दाखवली."

"असं? मग प्रार्थनेला बसताना तुझा बाप हिच्यावर हात ठेवायचा का?"

मुलीने मुठीतल्या माझ्याकडे पाहिले. मग म्हणाली, "नाही. हिला बाजूला ठेवायचे. हात रिकामा असायचा."

"मग तूच का मूठ आवळून बसलीयेस?"

त्याच दुपारी ती बाजारातून एक साधी, उजव्या हाताची कात्री घेऊन आली. मग तिने माझा गंज घासला, मला तेल दिले, कोरडे पुसले. टेबलावर रेशीम पसरले आणि ते सरकू नये म्हणून मला त्याच्या कोपऱ्यावर ठेवले. रिकामा तळहात कापडावर टेकवला.

"प्रभू, बाबा नाहीत. तू आहेस. मला बोटभर दाखव."

तिने पहिला काप घातला. तो आवाज माझा नव्हता, तरी मला ओळखीचा वाटला. ती रेघेवरून पुढे सरकत गेली. बाहीच्या गोलाईपाशी मात्र कात्री थबकली. कापडाची घडी जिथे पडली होती, तिथला खडू पुसून गेला होता. पुढे नुसते पांढरे.

मुलगी घाबरून अंदाजाने कापत गेली नाही. तिने कात्री ठेवली, पुन्हा तळहात टेकवला, पुन्हा माप घेतले. मग खडू उचलला आणि उजव्या हाताने वडिलांच्या रेघेच्या टोकापासून स्वतःची रेघ काढली. जरा जाडच आली. त्या रेघेवरून तिने कापले.

लग्नाच्या दिवशी शिक्षिका तोच गाऊन घालून चर्चमध्ये गेली. बाहीला कुठेही चुणी पडली नव्हती. पुढच्याच आठवड्यात आत्या कापड घेऊन आली. "माझा कोट बेत. आणि बाह्या लांब ठेव. तुझा बाप जन्मभर आखूडच करायचा!"

मित्रांनो, तुमच्याही घरी गेलेल्या माणसाची एखादी वस्तू असेल. तिला गंजू देऊ नका, धुळीत टाकू नका. पण नव्या कामाला उभे राहाल तेव्हा तिला थोडा वेळ खाली ठेवा. ज्याने त्या माणसाला चालवले, तो तुमचा रिकामा हातही धरतो.

आजही पहिल्या कापाआधी ती मला कोपऱ्यावर ठेवते. आता मला राग येत नाही. ती डोळे मिटते, आणि मी कापड धरून ठेवते.