बंदैती

नागोजी सरांना चिडायला कारण लागत नसे. पण गेल्या पावसाळ्यापासून त्यांना एक कायमचं कारण मिळालं होतं, आणि ते रोज सकाळी स्कूटीवरून आयटीआयच्या फाटकातून आत यायचं. कारणाचं नाव मंजुश्री. वडगावच्या विणकराची पोर, त्यांच्याच हाताखाली इलेक्ट्रिशियन ट्रेड शिकून बाहेर पडलेली. मधे बेंगळूरला जाऊन तिनं सीआयटीएस केलं, म्हणजे आयटीआयत शिकवणाऱ्यांना लागतं ते सरकारी प्रमाणपत्र घेतलं, आणि थेट त्यांच्या डोक्यावर येऊन बसली. शॉपच्या, म्हणजे वर्कशॉपच्या, दारावर आता तिच्या नावाची पाटी होती. जुनी पाटी कुठं गेली हे विचारायचं नागोजी सरांनी जाणूनबुजून टाळलं होतं.

संकेश्वर आणि निपाणीच्या मधे हायवेला लागून असलेली ही खाजगी आयटीआय सुरू झाली, तेव्हा शॉपमधली पहिली वायर त्यांनी ओढली होती. हे ते स्वतः विसरत नसत आणि दुसऱ्या कुणाला विसरूही देत नसत. आसपासच्या साखर कारखान्यांत त्यांच्या हातची पोरं पसरलेली होती. शिकवण्याची पद्धत सोपी होती. एकदा दाखवायचं, दुसऱ्यांदा ओरडायचं, आणि तिसऱ्यांदा कुणी विचारलंच तर त्याला बॅचसमोर उभं करून म्हणायचं, "कान हायत का नुसती भोकं हायत?" बॅच हसायची. ज्याला म्हटलं तोही कसानुसा हसायचा. ह्या वाक्यानं पोरं घडतात, असं नागोजी सरांचं प्रामाणिक मत होतं.

आणि आता नियम आला होता की प्रमाणपत्र नसेल त्यानं शिकवायचं नाही. प्रिन्सिपॉलनी त्यांना चहाला बोलावून हे सांगितलं. कामावर असलेल्या जुन्या लोकांसाठी सवलत होती. वर्षभर कुठं जायला नको, थोड्या दिवसांचा वर्ग करायचा आणि बाहेरून येणाऱ्या परीक्षकासमोर एक पाठ घेऊन दाखवायचा. पास झाले तर आहे तसं चालू.

"आणि न्हाय झालो तर?"

"तर स्टोअर तुमच्याकडं देऊ की, सर. जबाबदारीची जागा हाय."

स्टोअर म्हणजे जिन्याखालची खोली. पोरांनी यायचं, पक्कड मागायची, ती द्यायची आणि संध्याकाळी परत मोजून घ्यायची. तीही मंजुश्रीच्या सहीनं. नागोजी सरांनी चहा अर्धा ठेवला.

"शिकवाय येतंय म्हणून दाखला काढा," ते बाहेर येऊन शिपायाला म्हणाले. "उद्या जेवाय येतंय म्हणून बी दाखला मागतील." शिपायानं मान हलवली. शिपाई सगळ्यांपुढंच मान हलवायचा.

वर्गाला मात्र ते गेले, मागच्या बाकावर हाताची घडी घालून बसले. पाठाचं टाचण कसं करावं, विद्यार्थ्याला काय कळलं हे कसं तपासावं, हे सगळं त्यांनी एका कानानं ऐकलं आणि दुसऱ्यानं सोडून दिलं. विद्यार्थ्याला काय कळलं ते बल्ब पेटला की कळतं, ह्यात तपासायचं काय, हे त्यांना अखेरपर्यंत उमगलं नाही.

त्यातच मंजुश्रीनं शॉपच्या भिंतीवर तांबड्या अक्षरांत बोर्ड लावला, मराठीत आणि कन्नडात. ह्या शॉपमध्ये 'बंद' म्हणायचं नाही. ज्याला वायरीला हात लावायचा आहे त्यानं आधी फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवायचा आणि मग टेस्टर लावायचा. नागोजी सर बोर्डासमोर बराच वेळ उभे राहिले आणि मोठ्यानं हसले. हसण्यात हसू अजिबात नव्हतं.

"मॅडम," ते स्टाफ मीटिंगमध्ये म्हणाले, "शब्दानं शॉक बसतो हे बेंगळूरला शिकवलं व्हय तुला?"

"बसतो," मंजुश्री म्हणाली. "आपल्याकडं बसतो. कन्नडात 'करंट बंदैती' म्हणजे करंट आलाय. आणि 'बंद ऐती' म्हणजे बंद हाय. बोलताना दोन्ही एकच ऐकू येतंय. शॉपातल्या फळीच्या अलीकडं एक माणूस बोर्डापाशी, पलीकडं एक मेन स्विचपाशी. एकानं आला म्हणून सांगायचं, दुसऱ्यानं गेला म्हणून ऐकायचं."

"मला कन्नड शिकवतीस?"

"न्हाय सर. शॉप चालवायला लागलेय."

"माझ्या शॉपात हा शब्द चालत आलाय. कोण मेलंय ते सांग."

मंजुश्री त्यांच्याकडं बघत राहिली. एवढं बघत राहिली की प्रिन्सिपॉलनी घाईघाईनं पुढचा विषय काढला. नागोजी सरांना वाटलं, पोरीला उत्तर सुचलं नाही. त्या दिवशी ते खुशीत घरी गेले.

त्यानंतर दोघांचं बोलणं असं राहिलंच नाही. ती शॉपमध्ये आली की ते बाहेर जायचे. ते पोरांना मुद्दाम मोठ्यानं "बंद कर रं" म्हणायचे आणि पोरं बोर्डाकडं बघून गप्प राहायची. फ्यूज खिशात घालणाऱ्या पोराला ते विचारायचे, "काय रं, चिंचा-बोरं हायत व्हय ती?" मंजुश्री ऐकायची, पण उलटून बोलायची नाही. ह्याचाच त्यांना जास्त राग यायचा. भांडण करायला आलेल्या माणसाला समोरच्यानं दारच उघडू नये, तसं होतं ते.

संक्रांत होऊन गेली आणि परीक्षक आले. उत्तरेकडचे, बारीक आवाजाचे, हिंदी बोलणारे. मराठी नाही, कन्नडही नाही. शॉपमध्ये बॅच भिंतीला लागून उभी. पंखे थंडीमुळं बंदच होते आणि खिडक्यांतून ऊन भरपूर येत होतं, त्यामुळं दिवेही लावलेले नव्हते. सरावाचे लाकडी बोर्ड एका बाजूला, मेन स्विच दुसऱ्या बाजूला दारापाशी, त्याच्यावर करंट आला की पेटणारा छोटा तांबडा दिवा, आणि मधे प्लायवूडची फळी. बोर्डापाशी उभ्या माणसाला मेन दिसत नसे. पाठाच्या बोर्डाजवळ परीक्षकांची खुर्ची आणि तिच्याशेजारी, बोर्डाचा फ्यूज होता त्या खांबापाशी, मंजुश्रीची. नियमाप्रमाणं तिनं पाठ बघायचा होता आणि शेवटी आपलं मत द्यायचं होतं. हे कळल्यापासून नागोजी सरांना रात्री झोप नव्हती.

मेनपाशी त्यांनी सौम्याला उभं केलं. हुक्केरीकडची पोर, घरी कन्नड, मराठी यायची पण घाबरली की तोंडातून आधी कन्नडच निघायचं. आणि नागोजी सरांसमोर ती कायम घाबरलेलीच असायची.

पाठ मात्र त्यांनी झक्कास घेतला, हे त्यांच्या वैऱ्यानंही कबूल केलं असतं. जिन्यातल्या दिव्याचं कनेक्शन, दोन स्विच, एक बल्ब. हिंदी मोडकी होती, पण हात मोडका नव्हता. परीक्षक पुढं सरकून बघत होते. बल्ब वरच्या स्विचनं पेटवून दाखवला, खालच्या स्विचनं विझवून दाखवला. मग त्यांनी मुद्दाम केलेला बिघाड शोधून दाखवायची वेळ आली, आणि नेमका त्याच वेळी बल्ब आपोआप विझला. गावातलीच लाईट गेली होती.

"नो प्रॉब्लेम," नागोजी सर म्हणाले. त्यांना उलट बरंच वाटलं. असल्या वेळी न गडबडणारा मास्तर परीक्षकाला दिसू दे. "सौम्या, मेन बंद कर गं," ते फळीवरून ओरडले आणि बोर्डाकडं वळून वायरीची टोकं सोडवायला लागले. मंजुश्रीकडं त्यांची पाठ होती.

फळीपलीकडं जरा खुडबूड झाली. मग सौम्याचा आवाज आला, पातळ, घाईचा.

"सर, करंट बंदैती री."

नागोजी सरांनी बंद कर म्हणून सांगितलं होतं आणि बंद आहे असं ऐकलं. सवयीनं त्यांनी उघड्या तारेला उलटं बोट लावलं. टेस्टर हा शंकेखोर माणसासाठी असतो, असं ते म्हणत आले होते. परीक्षकांकडं बघून किंचित हसले, आणि दोन्ही हातांनी तार पिळून स्क्रूखाली घट्ट बसवली.

"चालू कर," ते ओरडले.

"चालूच हाय की सर," सौम्या म्हणाली.

त्यांनी स्विच दाबला. बल्ब पेटला नाही. पुन्हा दाबला. भिंतीपाशी कुणीतरी खोकलं. नागोजी सरांचा चेहरा तापला. इतक्या वर्षांत त्यांचा बल्ब पेटला नव्हता असं झालं नव्हतं, आणि तेही आज, आणि तेही त्या पोरीसमोर.

"चालू कर म्हटलं न्हवं?"

सौम्या फळीच्या कडेला आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "मी बंद करायच्या आधीच करंट आला, सर. आला म्हणून मी सांगितलं. बंद करू का नको, तुम्ही काय बोललाच न्हाईसा. मेन चालूच हाय."

नागोजी सरांनी आपल्या बोटांकडं बघितलं. मग हळूच तारेकडं. मग, फार उशिरा, मागं वळून खुर्चीकडं.

मंजुश्रीनं मूठ उघडली. मुठीत पांढऱ्या चिनी मातीचा फ्यूज होता, त्यांच्याच बोर्डाचा. लाईट गेली त्या क्षणी, ते सौम्याला ओरडत असताना, तिनं तो उपसून घेतला होता.

परीक्षक एकाकडून दुसऱ्याकडं बघत होते. त्यांना शब्द कळले नव्हते, पण काहीतरी झालंय एवढं कळलं होतं. "मॅडम, क्या हुआ?"

आता सगळं तिच्या जिभेवर होतं. फ्यूज ढिला होता म्हणून निसटला, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. नागोजी सर तिच्याकडं बघत राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कुणाकडं तसं बघितलं असेल. मागणं त्यांना येत नव्हतं, तरी त्या बघण्यात मागणंच होतं.

मंजुश्रीनं सांगितलं. हिंदीत, शांतपणे, एकही शब्द न वाढवता आणि न गाळता. बंद म्हणजे काय, बंदैती म्हणजे काय, मेन चालू होतं, टेस्टर लावला नाही, उघड्या तारेला हात गेला.

परीक्षकांनी चष्मा काढला. "सर, इतना अच्छा पढ़ाते हैं आप," ते म्हणाले, आणि फाईल मिटली. पास केलं असतं तर त्यांनी हात पुढं केला असता. त्यांनी तो केला नाही, आणि प्रिन्सिपॉलच्या खोलीकडं निघून गेले.

नागोजी सरांच्या अंगातून राग उसळून वर आला. मंजुश्रीवर तो काढता येईना, तेव्हा तो नेहमीच्या वाटेनं गेला. ते सौम्याकडं वळले. सगळी बॅच बघत होती.

"मराठीत सांगाय काय धाड भरलीती तुला? मी बंद कर म्हटलेलं ऐकू आलं न्हाय? कान हायत का..."

"...नुसती भोकं हायत," मंजुश्री म्हणाली.

तोच सूर, तोच हेल. कुणीही हसलं नाही.

"ह्याच फळीपाशी," ती म्हणाली. "मी पहिल्या वर्षाला होते. मी बोर्डापाशी, तुम्ही मेनपाशी. पलीकडं एका कन्नड पोराला तुम्ही ओरडून सांगितलंसा, करंट बंदैती. मी बंद हाय म्हणून ऐकलं. भिंतीवर जाऊन आपटले. उठवायला तुम्ही आला न्हाईसा. तिथूनच विचारलंसा, कान हायत का नुसती भोकं हायत. सगळे हसले. मी पण हसले."

नागोजी सर आठवायला लागले. किती जणांना ते म्हणाले होते, किती जण कसेनुसे हसले होते. त्यांतली ही कुठली, हे काही केल्या त्यांना आठवेना. आठवलं असतं तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं, आणि ह्याचाही त्यांना रागच आला.

"एवढा दावा होता तर आज मरू द्यायचं होतंस," ते म्हणाले.

"माझ्या शॉपात न्हाय," मंजुश्री म्हणाली.

तिनं सौम्याला खांद्याला धरून बोर्डापाशी आणलं, स्वतःच्या खिशातला टेस्टर तिच्या हातात दिला. मग नागोजी सरांचा हात पुढं ओढून त्यांच्या तळव्यावर फ्यूज ठेवला.

"हा स्टोअरला जमा करा, सर."

तिच्या मुठीत राहून तो गरम झाला होता.