धडकरावांना भेटलेली माणसं

शोकसभा कसली, बाजारच म्हणा. विनोदी नट धडकराव जाऊन आठवडा झाला नव्हता, तोवर गावातल्या यच्चयावत माणसाला त्यांची भेट आठवू लागली होती. कुणाच्या पाठीवर त्यांनी थाप मारलेली, कुणाच्या छत्रीत उभे राहिलेले. एका दंतवैद्याने तर त्यांची काढलेली दाढ डबीत घालून आणली होती आणि ती रांगेतून हातोहात फिरत होती. डबी धाकटीच्या हातात आली तेव्हा तिला शिसारी आली. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे तिने ऐकले होते, हे तर दाढही सोडेनात.

ती घरातली धाकटी सून. चष्म्याचं दुकान तिच्या मोठ्या दिरांचं, पण गिऱ्हाइकाचे डोळे तपासायची धाकटी. भाऊजी शेजारीच बसले होते, केस चापूनचोपून, खिशात दुकानाची कार्डं. आपणही बोलणार, असं त्यांनी वाटेत सांगितल्यापासून ती त्यांना अडवत होती.

"ते नका सांगू, भाऊजी. शब्द दिलाय मी त्यांना."

"तू दिलास. मी पडद्यामागून नुसतं ऐकलं. आणि मेलेल्या माणसाला कसला आलाय शब्द? दुकानाचं नाव होईल."

धडकराव आले होते एका रिकाम्या दुपारी. दारांवर, खांबांवर, सहकलाकारांवर धडकणारा तो माणूस पाहून ती लहानपणापासून पोट धरून हसत आली होती. तिने अदबीने खुर्चीत बसवलं आणि म्हटलं, "फळ्यावरचं सगळ्यात मोठं अक्षर वाचा."

"आधी फळा कुठे टांगलाय ते सांगा," ते म्हणाले.

ती खळखळून हसली. मग त्यांचा चेहरा पाहून तिचं हसू विरलं. माणूस खरंच विचारत होता.

"ज्या दारावर आपटलो की लोक टाळ्या वाजवतात ना, त्या दारावर मी खरोखरच आपटतो," ते हळूच म्हणाले. "घरीसुद्धा ठाऊक नाही. बायकोला कळलं तर ती पुन्हा कधी हसायची नाही. कुणाला सांगू नका." निघताना त्यांनी तिचा हात धरला, तो दारापर्यंत सोडला नाही. ती दुपार तिने जिवापाड जपली होती.

आणि आता भाऊजी व्यासपीठावर चढले होते. धडकरावांच्या पत्नी समोरच बसल्या होत्या. भाऊजींनी डोळे मिटले, हात पुढे केले आणि चाचपडत जाऊन माइकच्या दांड्यावर आपटले. सभागृह फिदीफिदी हसलं. पत्नीही हसल्या. उचलली जीभ लावली टाळ्याला, पण निदान त्या बाईकडे तरी बघावं माणसाने.

"थांबा, खरी गंमत पुढेच आहे," भाऊजी म्हणाले. "आमच्या दुकानात तपासणीला आले, तेव्हा कळलं, त्यांना मुळात..."

"खोटं आहे हे." धाकटी उभी राहिली होती. "धडकराव आमच्या दुकानात कधी आलेच नाहीत. भाऊजींना जाहिरात करायचीय."

"अगं, तूच तर तपासलेस त्यांचे डोळे."

"मी त्यांना कधी भेटलेली नाही," ती म्हणाली.

मग काय विचारता. मागून शिट्ट्या झाल्या, कुणीतरी माइक बंद केला, भाऊजींना हाताला धरून खाली उतरवलं. उद्यापासून दुकानाची पायरी चढायची नाही, एवढंच ते तिच्या कानाशी पुटपुटले. त्यांच्या तोंडचा तो वास, तो घाम, खिशातून डोकावणारी ती कार्डं. तिने मान फिरवली.

बाहेर पडताना धडकरावांच्या पत्नींनी तिला थांबवलं.

"बरं केलंस, पोरी. जो तो उठतो आणि भेटलो म्हणून सांगतो. तू एकटीच खरं बोललीस." त्यांनी तिचा हात हातात घेतला. "एकदा तरी भेटायला हवं होतंस गं त्यांना. फार गोड माणूस होता."

"हो ना," धाकटी म्हणाली. "राहूनच गेलं."