नासपतीखालचं जेवण

ईस्टरनंतरच्या रविवारी आमच्या व्होलिनमध्ये जो तो आपल्या माणसांच्या कबरीपाशी जेवायला बसतो. परक्याच्या कबरीवर पान मांडायची रीत नाही. त्या दिवशी मी टोपली घेऊन आईच्या कबरीवरून तशीच पुढे गेले, दफनभूमीच्या फाटकाबाहेर पडले आणि शेतातल्या जुन्या नासपतीखाली चादर अंथरली. अख्खा गाव बघत होता. बघू दे.

नासपतीखाली शेजारच्या पोलिश वाडीतली माणसं पुरलेली आहेत. दुसऱ्या महायुद्धात त्यांना मारणाऱ्यांत माझा काका मिकिता होता. गावात हे सगळ्यांना ठाऊक, पण सगळे मूग गिळून बसलेले. तिथला माझा क्रॉस दोनदा उपटला गेला. मी तिसरा रोवला.

सीमेवरची नदी ओलांडून पोलंडमधून हाल्श्का आली होती. तिची आजी त्या वाडीतून जीव वाचवून पळाली होती. तिने काचेतले दिवे लावले. मी अंडं आणि गोड पाव पुढे केला, तशी ती अवघडली. त्यांच्यात कबरीपाशी खाणं म्हणजे मेलेल्यांचा अपमान. मी म्हटलं, आमच्यात उपाशी बसणं हा अपमान. तरी अंडं तिच्या हातातच राहिलं.

तेवढ्यात सरपंच पनास आला. लहानपणी याचं नाक मी पुसलंय, आता हा मला शहाणपण शिकवतो.

"आत्या, इथे तुझं कोण पुरलंय?"

"माझ्या काकानं मारलेली माणसं माझीच. त्यांचं दुसरं कोण करणार?"

"आणि नदीपलीकडे यांच्या लोकांनी जाळलेली आपली माणसं? त्यांच्यापाशी कोण बसतं?"

प्रश्न खोटा नव्हता, म्हणून तर झोंबला.

"मी बसते," हाल्श्का आमच्या भाषेत, अडखळत म्हणाली. "दर नोव्हेंबरला दिवा लावते. आग लावणाऱ्यांत माझे आजोबा होते. त्यावरून आमच्या गावाने माझ्याशी बोलणं टाकलंय."

एवढं बोलून तिने अंडं सोललं आणि पनासकडे बघत बघत खाल्लं. मला तिचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले.

पनासचा चेहरा पडला होता. पण सगळे बघत असताना माघार कशी घेणार?

"उद्या हा क्रॉस इथे दिसणार नाही, आत्या."

"उपट की," मी त्याच्यासाठीही पाव कापत म्हटलं. "हे सगळे क्रॉस मिकिताकाकाच्या घराच्या तुळयांचे आहेत. घर मोठं होतं त्याचं. अजून पुष्कळ तुळया शिल्लक आहेत."