काशीरामचा न सरलेला वारा

काशीराम तांडेलाच्या पोटात कळ आली तेव्हा तो असा काही ओरडला, की देवगड बंदरात किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्यांनीही वादळ आलं समजून आपापले नांगर घट्ट धरले. निदान काशीराम तरी तसंच सांगायचा. त्याची बायको चंद्रावती मात्र 'कळ इली होती, ह्यां खरां' एवढंच कबूल करायची.

साल १९८६, श्रावण लागलेला. नारळी पौर्णिमा तोंडावर, होड्या तेलपाणी होऊन पुळणीच्या वाळूवर तयार, आणि होडी हाकणारा तांडेल तालुक्याच्या दवाखान्यात उताणा! पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं, खाल्लेलं सगळं उलटून पडलेलं आणि खालची वाट साफ बंद. नाकातून पोटात घातलेल्या नळीतून हिरवं पाणी बाटलीत ठिबकत होतं, हाताला सलाईन होतं.

डॉक्टर प्रभुदेसाई वयाने लहान, पण बोलायला मोकळे. ते म्हणाले, "काशीराम, मागे तुमचं अपेंडिक्स काढलं होतं ना? तिथं आतडी एकमेकांना चिकटलीयत. पीळ बसलाय."

"मगे आता परत फाडतल्यात?"

"लगेच नाही. फाडून सोडवलं तर त्या कापामुळे पुन्हा नवीन चिकटायचं. पोटाला विश्रांती दिली, वरचं पाणी काढून घेतलं, की पुष्कळदा पीळ आपसूक सुटतो. खालून वारा सरला की समजायचं, वाट झाली. पण उद्या सकाळपर्यंत सरला नाही, किंवा ताप चढला, पोट कडक झालं, तर मात्र मी थांबणार नाही. आतड्याचं रक्त अडलं तर जीव जाईल."

काशीरामने त्यातलं एकच ऐकलं : वारा सरला तर सुरी नाही. मागच्या कापाने त्याला सबंध हंगाम किनाऱ्यावर बसवलं होतं, म्हाताऱ्यांच्या रांगेत, जाळी शिवत. पोरंसोरं त्याला 'आजोबा' म्हणाली होती. ते पुन्हा नको! संध्याकाळी नर्स सुगंधा चौकशीला आली तसा तो छाती फुगवून म्हणाला, "सरलो! असो सरलो, की खिडकी हालली."

डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, कपाळाला आठी घातली. पण माणूस छातीठोक सांगतोय म्हटल्यावर त्यांनी चिमटा लावून नाकातली नळी बंद केली आणि म्हणाले, "बघू. घोट घोट पाणी द्या."

ते वळताच चंद्रावती खाटेवर वाकली. "अवो, खिडकी खंय हालली? मी हंयच बसलंय."

"गप ऱ्हव गो. सरलो-बिरलो काय नाय. माका कापूक व्हया तुका?"

पाण्याचे दोन घोट पोटात गेले आणि तांडेलाचा चेहरा शेवाळासारखा झाला. पोट परत चढलं. तरी गडी दात खाऊन हसतोय! चंद्रावतीला पेच पडला. डॉक्टरला सांगावं तर नवऱ्याचं नाक कापलं जाणार, न सांगावं तर नवराच जाणार. आता तिच्या घरी अडीनडीला एकच रीत : देवाला गाऱ्हाणं घालायचं. वाडीतर्फे गाऱ्हाणं घालायचा मान काशीरामचा, पण तो तर आडवा. मग तिनेच पदर खोचला, हात जोडले आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली,

"बा देवा म्हाराजा!"

शेजारच्या खाटेवर पाय प्लास्टरात टांगलेले धामापूरचे गुरुदास मास्तर होते. गाऱ्हाण्याला साथ द्यायच्या सवयीने त्यांच्या तोंडून निघून गेलं, "व्हय म्हाराजा!"

"आज ह्यो माझो घोव तुझ्या पायाकडे इलो आसा..."

"व्हय म्हाराजा!" आता सगळा वॉर्ड.

"आतड्याक पीळ पडलो, सुरयेक भियालो, म्हणान डॉक्टराकडे खोटां बोललो. वारो सरूक नाय, तरी सरलो म्हणान सांगल्यान..."

"व्हय म्हा..." वॉर्ड मध्येच अडकला. दारात डॉक्टर उभे होते.

चंद्रावती काही थांबली नाही. देवापुढे सुरू केलेलं गाऱ्हाणं डॉक्टर आला म्हणून अर्धवट सोडतात होय? "...तर तो अपराध पोटात घे, डॉक्टराकय घेवक सांग, आणि ह्येका सुखरूप दर्यार धाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," डॉक्टर म्हणाले. मग चिमटा काढला, आणि अडलेलं पाणी भळाभळा बाटलीत आलं. "काशीराम, आणखी घटकाभर हसत बसला असता ना, तर गाऱ्हाणं वेगळं घालावं लागलं असतं."

"चुकलंय, डॉक्टर." काशीरामचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला. "आता तुमी सांगशात तसां. फाडूचां तर फाडा."

सकाळ झाली. ताप नव्हता, पोट मऊ होतं, पण वारा नाहीच. डॉक्टरांनी हत्यारं उकळायला टाकली. ढकलगाडी आली. काशीराम आपणहून गाडीवर चढला, चंद्रावतीकडे बघून म्हणाला, "होडयेक रंगाचो आणखी एक हात मार गो." आणि गाडी दाराच्या उंबऱ्यावर धडकून दणकन आपटली मात्र,

जो आवाज झाला, तो ऐकून कौलांवरचे कावळे उठले ते म्हणे थेट फोंडाघाटात जाऊन बसले. सुगंधाच्या हातचा ट्रे खाली. मास्तरांनी प्लास्टरातला पाय विसरून उठायचा प्रयत्न केला. चंद्रावतीने पदर तोंडात कोंबला, पण खांदे हलायचे थांबेनात.

काशीराम मात्र घाबरून म्हणाला, "डॉक्टर, देवाशप्पत, ह्यो खरो!"

"अहो, ऐकलं की!" डॉक्टरांनी कानाला स्टेथोस्कोप लावून पोट तपासलं, आणखी थोडा वेळ थांबले, आणखी एक आवाज झाला. तेव्हा कुठे ते हसले आणि सुगंधाला म्हणाले, "हत्यारं कपाटात ठेवा. आज वाट बघायची. उद्या पाणी, मग पातळ पेज."

पौर्णिमेला वाडीने दर्यात नारळ सोडला, आणि पहिल्या होडीत काशीराम तांडेल अख्ख्या पोटाने चढला.