पाव फेरा

क्लॅरी टॉलहर्स्टचा एक नियम होता. रायफलीवर बसवायची दुर्बीण कुत्र्यापेक्षा महाग असता कामा नये. त्याचा कुत्रा स्प्रॉकेट शेजारच्या बेव्हनकडून एकशे ऐंशी डॉलरला आणलेला, त्यामुळे मर्यादा ठरलेलीच होती. कुत्रा मेंढ्या वळवतो, गाडीच्या आवाजावरून माणूस ओळखतो आणि सात वर्षांत एकदाही बिघडलेला नाही. काचेच्या नळीने याहून जास्त काय दिवे लावायचे, असं क्लॅरीचं म्हणणं.

रायफल यूटच्या, म्हणजे मागे उघडा हौदा असलेल्या गाडीच्या, सीटमागे कुलूपबंद पेटीत असायची. फावडं असतं तशी. खोकड, ससे, पाय मोडलेली मेंढी, सगळ्याला तीच. पण त्या ऑगस्टमध्ये ऐन कोकरांच्या दिवसांत एक रानडुक्कर मागे लागलं. पहाटे पाणवठ्याजवळच्या कुरणात यायचं, कळपाभोवती सावकाश फिरायचं, एकेक कोकरू नीट बघायचं आणि मग त्यातलं एखाद-दुसरं उचलायचं. या पद्धतशीरपणामुळे क्लॅरीने त्याचं नाव इन्स्पेक्टर ठेवलं होतं. नऊ दिवसांत तेरा कोकरं गेली. क्लॅरीने दोनदा नेम धरला, दोन वेगवेगळ्या दुर्बिणींतून, आणि दोन्ही वेळा गोळी मातीत गेली. दोन्ही दुर्बिणी "सरकल्या" असं त्याने जाहीर केलं.

त्याची मुलगी नेरिडा शेतीशास्त्राची पदवी घेऊन नुकतीच घरी परतली होती. तिसरी दुर्बीण मी निवडते, ती म्हणाली. क्लॅरीने चहा ढवळत मुदत दिली पुढच्या शुक्रवारची. तोवर इन्स्पेक्टर पडला नाही तर बेव्हन आपली डुक्कर पकडणारी कुत्री घेऊन येणार. आणि पुढच्या हंगामाचे मेंढे निवडायचं काम, जे नेरिडाला कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून हवं होतं, ते क्लॅरी स्वतःकडेच ठेवणार. ज्या पोरीला नळी निवडता येत नाही तिला मेंढा काय निवडता येणार.

बेव्हनला हे कळलं तेव्हा तो फोनवर इतका हसला की फोन कानाला न लावताही नेरिडाला ऐकू आलं. संध्याकाळपर्यंत पबमध्ये त्याने सगळ्यांना सांगून टाकलं होतं.

नेरिडाने तीन दुर्बिणी मागवल्या आणि वहीत तक्ता आखला. एक लांबलचक, चोवीस पट मोठं दाखवणारी, आत लाल दिवा असलेली. एक तीनपासून नऊ पटींपर्यंत फिरणारी. तिसरी आखूड, फक्त चार पटींची, जिच्यात पट बदलायची सोयच नव्हती. तिन्ही तिने एका लोखंडी पाइपवर घट्ट बसवल्या, पाइप यूटच्या हौद्याला जखडला, गाडी खुणेवर उभी केली आणि प्रत्येकीतल्या नेमाच्या फुलीचा मध्य पाण्याच्या टाकीच्या एकाच रिव्हेटवर आणला. मग सगळं वरात निघाल्यासारखं टपालपेटीपर्यंत नेलं. पत्र्यासारख्या लाटालाटांच्या त्या रस्त्यावर तेवीस किलोमीटर जायचं आणि तेवीस यायचं. परतीत स्प्रॉकेट पाइपवर बसला. हे तक्त्यात नव्हतं, तिने नवा रकाना काढला. त्यानंतर एक रात्र मेंढ्यांच्या पाण्यात, एक फ्रीझरमध्ये मटणाच्या तंगड्यांशेजारी.

चोवीस पटीवालीच्या आत धुकं साचलं. तीन-ते-नऊवाली खुळखुळ्यासारखी वाजायला लागली. चार पटीवाली रिव्हेटवरून केसभरही हलली नाही. किंमत एकशे साठ, म्हणजे कुत्र्याच्याही आत.

बुधवारी दुपारी तिने ती रायफलीवर चढवली आणि शंभर मीटरवर नेम जुळवला. तीन गोळ्या, तिन्ही बशीएवढ्या जागेत. गुरुवारी सकाळी खात्री म्हणून पुन्हा तीन गोळ्या मारल्या. तिन्ही बशीएवढ्याच जागेत, पण अकरा सेंटीमीटर खाली आणि अकरा सेंटीमीटर डावीकडे.

"सरकली," क्लॅरी म्हणाला. त्याला वाईट वाटलं होतं, पण फार नाही.

नेरिडाने शेडमधून, आधीच्या दोन दुर्बिणींचा नेम ज्यांवर तपासला होता ते पुठ्ठे शोधून काढले. एकावर बावीस खाली, बावीस डावीकडे. दुसऱ्यावर तेहतीस आणि तेहतीस. तिने सगळे आकडे वहीत एकाखाली एक लिहिले. बिघडलेली वस्तू कुठेही भरकटते. अशी अकराचा पाढा म्हणत नाही.

तिने नेम परत जुळवला, रायफल पेटीत ठेवली आणि चहाचा मग घेऊन लोकर कापायच्या शेडमध्ये, फळ्यांच्या फटीशी जाऊन बसली.

पाच वाजता क्लॅरी आपल्या रोजच्या फेरीला आला. चाकांचे नट, प्रत्येकाला पाव फेरा. बॅटरीचा बोल्ट, पाव फेरा. फाटकाच्या बिजागरीचा बोल्ट, पाव फेरा. चाळीस वर्षं तो असाच आवळत आला होता, आणि पवनचक्की अजून उभी होती ती त्याच्या मते याचमुळे. मग त्याने पेटी उघडली, दुर्बिणीवरची दोन छोटी झाकणं काढली आणि पाच सेंटचं नाणं खाचेत घातलं. खाच असलेली वस्तू म्हणजे स्क्रू, आणि स्क्रू म्हणजे आवळायचा. आतून टिक-टिक झालं तशी त्याने समजून मान हलवली, नेमकं ढिलं तेच सापडल्यासारखी. एकाला पाव फेरा, दुसऱ्याला पाव फेरा.

नेरिडाने मगातल्या चहाकडे बघत हिशोब केला. झाकणांखाली होत्या त्या नेम जुळवायच्या चकत्या. पूर्ण फेऱ्यात साठ टिक, पाव फेऱ्यात पंधरा. शंभर मीटरवर पंधरा टिक म्हणजे जवळपास अकरा सेंटीमीटर. एका चकतीने खाली, दुसरीने डावीकडे.

सांगावं, असं तिला वाटलं. पण सांगायचं म्हणजे इन्स्पेक्टरला दोनदा वाचवणारा माणूस स्वतः क्लॅरीच होता, हे सांगायचं. क्लॅरी घरात गेल्यावर तिने दोन्ही चकत्या पंधरा-पंधरा टिक उलट्या फिरवल्या आणि झाकणं लावून टाकली.

शुक्रवारी उजाडताना दोघं कुरणाच्या कडेला यूटच्या बॉनेटवर कोपरं टेकून उभे होते. वारा समोरून येत होता. इन्स्पेक्टर वेळेवर आला. शंभर मीटरवर थांबून त्याने पहिल्या कोकराची पाहणी सुरू केली. नेरिडाने रायफल खांद्याला लावली आणि तिला दिसलं, एका झाकणावर ताजं ग्रीस होतं.

"डॅड," ती कुजबुजली, "ही सकाळी परत आवळलीस का?"

"म्हणजे काय. तुझा महत्त्वाचा दिवस." तोही कुजबुजला. "अर्धा फेरा."

"दोन्ही?"

"एकच कशी आवळीन, वेडे?"

तिने झाकणं काढून त्याच्या हातात दिली, नाणं मागून घेतलं आणि मोजायला लागली. तीस टिक वर. क्लॅरी हवालदिल झाला. ढिली काय करतेस, हातात निघून येईल, असं तो तिच्या कानात सांगत होता, आणि ती त्याला आकडा चुकवू नकोस म्हणत होती. इन्स्पेक्टर दुसऱ्या कोकराकडे वळला. तीस टिक उजवीकडे. अठ्ठावीस, एकोणतीस. तिसऱ्या कोकराशी तो थांबला आणि मान खाली घालून पुढे सरकला.

नेरिडाने श्वास अर्धा सोडला आणि चाप ओढला.

इन्स्पेक्टर जागच्या जागी बसला, जरा विचारात पडल्यासारखा दिसला आणि आडवा झाला. कोकरू दचकून आईकडे पळालं.

क्लॅरीने मुठीतली दोन्ही झाकणं परत जागेवर बसवली.

"एवढी ढिली असून लागली," तो म्हणाला. "म्हणजे वस्तू चांगली आहे. मेंढे तू निवड."

आठ वाजता बेव्हन सहा कुत्री आणि पबमध्ये सांगायची तयार गोष्ट घेऊन आला. गोष्ट वाया गेलेली बघून त्याने डुकराभोवती दोन फेऱ्या मारल्या. मग रायफलीवरची आखूड दुर्बीण निरखली. त्याच्या स्वतःच्या दुर्बिणीची किंमत सहा कुत्र्यांहून जास्त होती, आणि ती कालच त्याने शहरातल्या दुकानात खास जुळवून आणली होती.

"एकशे साठ? आणि ही सरकली नाही?"

"आवळलेली असली की नाही सरकत," क्लॅरी म्हणाला. "रोज बघावं लागतं. तू तुझी कधी आवळतोस?"

बेव्हनने कधीच आवळली नव्हती. असं काही असतं हेच त्याला माहीत नव्हतं, पण ते कबूल करणं त्याच्या स्वभावात नव्हतं. तो गाडीतून रायफल घेऊन आला, दुर्बिणीवरची झाकणं काढली आणि क्लॅरीकडे न बघता नेरिडाला हळूच विचारलं, "पोरी, कुठल्या बाजूला फिरवायचं असतं?"

तिच्या जिभेवर खरं उत्तर आलं होतं. पण तो फोनवर किती वेळ हसला होता, तेही तिला आठवलं.

"घड्याळाच्या दिशेने, बेव्हन," ती म्हणाली. "दोन्ही."