खाऱ्या टाकीतली वाळू

हरतालिकेची पिंड मालनने फिश टँकमध्ये विसर्जित केली, आणि केली ती अगदी मनोभावे. त्या माउलीला बोल लावावा तरी कसा?

तिचा नवरा दशरथ गणपतीला गावी, वेंगुर्ल्याला गेला होता. लेकीचं बाळंतपण म्हणून मालन बोरीवलीतच थांबली. हरतालिकेचं जागरण झालं, सकाळी उत्तरपूजा झाली, आणि बाहेर पाऊस असा कोसळत होता की बाळंतिणीला एकटं सोडून गोराईच्या खाडीपर्यंत जायची सोयच नव्हती. इकडे हॉलमध्ये तर अख्खा समुद्र मांडलेला! खारं पाणी, कोकणातून आणलेले जिवंत दगड, नारिंगी पट्ट्यांच्या माशांची जोडी. पार्वतीमाईला आणखी काय हवं? मालनने बेल-फुलं वेगळी काढली, आणि हळदीकुंकवाने माखलेली, अक्षता मिसळलेली ती बारीक वाळू मोठ्या दगडाच्या पायथ्याशी सोडली. वर टाकीतली वाळू लोटली, हात जोडले आणि उपास सोडला.

मार्गशीर्ष लागला तेव्हा टाकीच्या काचेतून तळाशी काळा पट्टा दिसू लागला. दशरथने बोटाने वाळू जराशी उकरली तर नासक्या अंड्यासारखा वास घरभर झाला.

"ह्या काय गो? बारीक वाळू खंयसून इली हय?"

मालनने एका दमात सगळं सांगितलं. पिंड, अक्षता, पाऊस. काहीही मागे ठेवलं नाही.

दशरथने काचेला डोळा लावून तळ न्याहाळला. टाकीच्या तळाला भोकांची पाटी होती, तिच्यावर शिंपल्यांच्या चुऱ्याची जाड वाळू. हवेचा पंप त्या वाळूतून पाणी खाली ओढायचा आणि घाण त्या वाळूतच जिरायची. आता मालनच्या बारीक वाळूने भोकं बुजली होती आणि तांदूळ आत कुजले होते.

"सगळी वाळू बदलूक व्हयी," तो म्हणाला. "आणि बदलली की खेळ खलास. मुलुंडच्या काशीरामान बदलली, नळाच्या पाण्यान धुवून चकचकीत केली. आठवड्यात एक मासो रवलो नाय. पाणी साफ ठेवणारे जीव जुन्या वाळूत असतत, डोळ्यांका दिसनत नाय. त्यापेक्षा मासे कोणाक तरी देतंय. संपलां."

'संपलां' हा शब्द मालनच्या काळजात रुतला. गिरणी बंद पडली त्या वर्षी हा माणूस दिवसचे दिवस भिंतीकडे तोंड करून पडलेला तिने पाहिला होता. ना जेवणाची शुद्ध, ना बोलण्याची. मग कोणाची तरी जुनी काचेची टाकी घरात आली, आणि त्याचा हात पुन्हा कामाला लागला. वेंगुर्ल्याच्या खडकावरचा दगड त्याने ओल्या गोणपाटात गुंडाळून आणला. त्यावर शर्टाच्या बटणाएवढी हिरवी फुलं उमलली. फुलं कसली, जीवच ते. त्यांच्यासमोर बसून दशरथ माणसांत आला. आता कांदिवलीच्या कारखान्यात स्टोअर सांभाळत होता, चारचौघांसारखा हसत होता. आणि तीच टाकी तिच्या हाताने मरायची?

"एकदम कोण बदलतंय?" ती पदर खोचत म्हणाली. "कीर्तनात बुवा उभे राहिल्या राहिल्या आख्यानाला हात घालतात का? आधी नमन, मग पूर्वरंग, मग पुढचं. आपणही थोडी थोडी बदलू. एका रविवारी एक कोपरा."

"आणि ते जीव?"

"चांगल्या बाजूची जुनी वाळू फडक्यात बांधून टाकीतच ठेवायची. नव्या वाळूला विरजण लागेल."

दशरथला हसू फुटलं. "विरजण! बरां सुचलां. पण काढलेली घाण मोरीत ओतूया मा?"

"मोरीत? अहो, पिंड आहे ती!"

"पिंड एवढीशी होती. आता ती सगळ्या वाळूत मिसळली."

"मग सगळी वाळू पिंड."

दशरथने कपाळावर हात मारला. पण मालन एकदा पदर खोचून उभी राहिली की तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसे.

म्हणून दर रविवारी बोरीवलीच्या त्या हाउसिंग बोर्डाच्या बिल्डिंगमधून एक वरात निघू लागली. पुढे मालन, हातात झाकलेली बादली. मागे दशरथ, दोन रिकामे कॅन घेऊन. बसमध्ये वास सुटला की लोक एकमेकांकडे संशयाने बघायचे. खाडी ओलांडताना होडीवाल्याने बादलीत डोकावून पाहिलं.

"वैनी, समुद्रावर वाळू घेऊन चाललाव? तिकडे कमी पडली काय?"

"तिकडची आणायला चाललोय रे बाबा. तू वल्हव."

गोराईच्या किनाऱ्यावर मालन गुडघाभर पाण्यात शिरायची, ती काळी, घाणेरडी वाळू ओंजळीने सोडायची आणि डोळे मिटून हात जोडायची. सहलीला आलेली मंडळी नाकाला रुमाल लावून डबे उचलून लांब सरकली. दशरथ मान खाली घालून शिंपल्यांचा जाड चुरा गोळा करायचा. तो समुद्राच्याच पाण्यात खळखळून धुवायचा, एका कॅनमध्ये चुरा आणि दुसऱ्यात समुद्राचं पाणी भरायचा, आणि परत.

तीन कोपरे निभावले. मासे खात होते, फुलं उघडत होती. उरला तो मोठ्या दगडाखालचा भाग. सगळ्यात काळा, आणि मालनने नेमकी तिथेच पिंड सोडलेली.

त्या रविवारी एकादशी होती. विठ्ठलमंदिरात कीर्तन. शेजारची शेवंती दुपारीच दारात आली.

"काय गं, अजून तयार नाहीस? पुढची जागा धरून ठेवते, चल."

"आज नाही जमायचं."

"माळकरी बाई आणि एकादशीचं कीर्तन चुकवते? माशांसाठी? कमाल आहे बाई तुझी!"

"तिथे बुवा उभे आहेत, त्यांना माझ्यावाचून अडत नाही. इथे मीच उभं राहायला हवं."

शेवंती मान हलवत गेली. दशरथने माशांची जोडी टाकीच्याच पाण्याने भरलेल्या घमेल्यात काढली. मग दगड उचलला, तोही घमेल्यात गेला. खालून काळपट ढग वर आला. दशरथचा हात थबकला.

"मालन, ह्या विष सगळीकडे पसरतलां. ऱ्हवांदे."

"नळी द्या इकडे."

तिने रबरी नळीचं एक टोक काळ्या वाळूवर टेकवलं, दुसरं तोंडात धरून जोरात ओढलं. खारट, कुबट पाणी जिभेला लागलं. ती पचकन मोरीत थुंकली आणि नळी बादलीत सोडली. काळी वाळू पाण्यासकट नळीतून सरसर खाली येऊ लागली. तिने इंचाइंचाने नळी फिरवली, पाटी दिसेपर्यंत. नवा चुरा हलकेच पसरला, कॅनमधलं समुद्राचं पाणी ओतलं, दगड जागेवर बसवला आणि मासे सोडले.

मादी दगडामागे गेली. नर मात्र आडवा होऊन तळाशी पडला.

"गेलो," दशरथ म्हणाला.

"कल्ला हलतोय. नीट बघा."

मालनने हात कोपरापर्यंत पाण्यात घातला, बुडबुड्यांची नळी माशाच्या तोंडापाशी नेली आणि तशीच धरून उभी राहिली. लांबून देवळातली झांज ऐकू येत होती. बुवांनी अभंग घेतला असावा. शब्द पोहोचत नव्हते, ठेका पोहोचत होता. त्या ठेक्यावर ती पुटपुटत राहिली. हात बधिर झाला, कंबर धरली, दिवेलागण झाली. दशरथने देवाजवळचा दिवा लावला आणि परत येऊन बघितलं, तर ती तशीच.

"काढ हात. गारठलीस."

"तो सरळ होऊ दे."

दशरथने शर्टाची बाही वर सारली, स्टूल पायाने तिच्याकडे ढकललं आणि पाण्यात हात घालून तिच्या बोटांतून नळी आपल्या बोटांत घेतली.

"बस तू. आता माझी खेप."

मालन बसली. बऱ्याच वेळाने माशाने शेपटी मारली, कलंडला, पुन्हा मारली. मग वेडावाकडा पोहत दगडामागे मादीकडे गेला. दगडावरची फुलं अजून मुठी आवळून मिटलेलीच होती.

"उमलतील ना हो?"

"काही उमलतली, काही नाय," दशरथ म्हणाला. हात मात्र त्याने बाहेर काढला नाही. "पाणी आणखी बदलूक व्हयां. उद्या कामार जायच्या आधीच गोराई गाठतंय. कॅन काढून ठेव. आणि ती बादली झाकून घे गो, तुझो देव घरभर वास मारता!"